मानगूट आणि अभय

श्रीवैष्णव परंपरेत शरणागतीवरून एक जुना वाद आहे आणि त्या वादाच्या मध्यभागी मांजर आहे. मोक्षासाठी जीवानं स्वतः काही करायचं, की सगळा भार देवावर टाकायचा? वेदान्तदेशिकांना (1268–1369) प्रमाण मानणारे वडकलै म्हणतात, माकडाचं पिल्लू आईच्या पोटाला घट्ट बिलगून राहतं, तेवढी धडपड भक्तानं करायलाच हवी. श्रीरंगमच्या पिळ्ळै लोकाचार्यांच्या मार्गानं जाणारे तेन्कलै म्हणतात, मांजराचं पिल्लू पाहा. ते काहीच धरत नाही. आई त्याची मानगूट दातांत धरते, ते अंग सैल सोडतं आणि ती नेईल तिकडे जातं. ‘मार्जारकिशोरन्याय’ या नावानं हा दृष्टांत पुढे दूरवर पोचला. रामकृष्ण परमहंसही तो सांगत: आई चुलीपाशी ठेवो की बिछान्यावर, पिल्लू फक्त ‘म्याव’ करतं.

दृष्टांत सुंदर आहे. पण तो देवाविषयी आहे. मांजराविषयीचं ज्ञान म्हणून तो घेतला, की घोटाळा सुरू होतो, आणि तो घोटाळा आज मांजर पाळणाऱ्या असंख्य घरांत रोज होतो. कालपर्यंत खिडकीत पाय पसरून झोपणारं मांजर आज अचानक पलंगाखाली जाऊन बसतं. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, कान मागे चपटे, शेपटी अंगाखाली. खायला बोलावलं तरी येत नाही. घरातली माणसं कळवळतात, वाकून हात घालतात, त्याला ओढून बाहेर काढतात आणि छातीशी घट्ट धरतात. काही क्षणांनी ते हालचाल थांबवतं. ‘झालं बाई शांत,’ असं कुणीतरी म्हणतं.

ते शांत झालं की नुसतं स्तब्ध? हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. दुसऱ्याचं भय बाहेरून ओळखता येतं का, आणि ओळखता आलं तर ते दूर करण्याचा अधिकार कुठवर जातो, हे त्यात आलंच.

मानगुटीपासूनच सुरुवात करू. आईनं उचललेलं पिल्लू सैल पडतं हे खरं, आणि असं फक्त मांजरातच होतं असंही नाही. उंदराची पिल्लं आणि माणसाची तान्ही बाळंदेखील उचलून नेताना शांत होतात, त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असं जपानमधल्या संशोधकांनी 2013 साली दाखवलं. पिल्लू निश्चल राहिलं तरच आई त्याला धोक्यातून वेगानं हलवू शकते. मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते असं आपल्याकडे म्हणतात, त्यामागे हीच सोय आहे. पण ही व्यवस्था पिल्लूपणाची आहे. मोठ्या मांजराची मानगूट धरतं कोण? समागमाच्या वेळी बोका, भांडणात दुसरं मांजर, किंवा शिकारी जनावर. प्रौढ मांजराच्या अनुभवात मानगुटीवरची पकड आईची उरलेली नसते.

पशुवैद्यकात यावर बरीच वर्षं दुमत होतं. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात 2008 साली एक अभ्यास झाला. मांजरांच्या मानेमागच्या कातडीला चिमटे लावले, की बरीचशी मांजरं निश्चल होतात, आणि त्यात भीतीची किंवा वेदनेची खूण दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. दवाखान्यांना तो सोयीचा वाटला. मात्र कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात नंतर तुलना केली गेली: चिमटे लावणं, मानगूट धरणं आणि हलक्या हातानं नुसतं जवळ राहू देणं. बाहुल्या किती मोठ्या होतात, कान कुठे जातात, तोंडातून आवाज कसे निघतात, हे सगळं नोंदवलं. हलक्या हाताच्या तुलनेत चिमटे आणि मानगूट दोन्ही मांजरांना नकोसे होते. 2022 साली मांजरांच्या डॉक्टरांच्या दोन मोठ्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी एकत्र येऊन हाताळणीचे जे निकष प्रसिद्ध केले, त्यांत मानगूट धरून आवरणं टाळावं असं स्पष्ट सांगितलं आहे.

म्हणजे बाहेरून सारखी दिसणारी निश्चलता आतून दोन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकते. एक विसावा, दुसरी नाइलाज. घुरघुरण्याचंही तसंच. मांजर सुखात घुरघुरतं हे सर्वांना ठाऊक असतं, पण ते वेदनेत आणि आजारातही घुरघुरतं.

येथे एक आक्षेप हमखास येतो. जनावराच्या ‘आत’ काही आहे हे कशावरून? रने देकार्तनं 1637 साली जनावरांची तुलना यंत्रांशी केली आणि पुढे त्याच्या काही अनुयायांनी त्यांचं ओरडणंही यंत्राच्या कुरकुरीत जमा केलं. त्याच्या आधीच्या शतकात, त्याच फ्रान्समध्ये, मोंतेन्य हा निबंधकार आपल्या मांजरीशी खेळताना विचारात पडला होता, की आपण तिला खेळवतो आहोत की ती आपल्याला? हा प्रश्न त्यानं उघडाच ठेवला. देकार्तच्या ठाम उत्तरापेक्षा मोंतेन्यचा तो उघडा प्रश्न अधिक प्रामाणिक होता, असं आज मागे वळून पाहताना म्हणावं लागतं.

भारतीय विचारानं हा आक्षेप फारसा उचललाच नाही. जैन तत्त्वज्ञानात सर्व संसारी जीवांना चार संज्ञा मानल्या आहेत: आहार, भय, मैथुन आणि परिग्रह. भय त्यात दुसऱ्याच क्रमांकावर आहे. पतंजलीच्या योगसूत्रांत ‘अभिनिवेश’ म्हणजे जगण्याला चिकटून राहण्याची ओढ, मरणाची धास्ती, हा पाच क्लेशांपैकी एक, आणि तो विद्वानालाही सुटत नाही. त्यावर भाष्य करताना व्यासांनी नुकत्याच जन्मलेल्या किड्याचं उदाहरण दिलं. ज्यानं मरण पाहिलेलं नाही, तोही मरणाला भितो, तेव्हा हे भय पूर्वजन्मीच्या अनुभवातून आलं असावं, असा त्यांचा तर्क. पूर्वजन्म मान्य असो वा नसो, निरीक्षण चोख आहे. पंडित आणि किडा यांना एकाच ओळीत बसवणारी गोष्ट कोणती, तर भय.

आणि पाश्चात्त्य विज्ञान याच ठिकाणी पोचलं ते मांजराच्याच मदतीनं. वॉल्टर कॅनन हा हार्वर्डमधला तरुण विद्यार्थी. क्ष-किरणांचा शोध 1895 सालचा, आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांतच तो मांजरांना बिस्मथ मिसळलेलं अन्न देऊन त्यांच्या जठराच्या हालचाली पडद्यावर पाहू लागला. जठरात लाटा उठताना स्पष्ट दिसत. पण मांजर घाबरलं, चिडलं, अस्वस्थ झालं, की लाटा थांबत. ते निवळलं की पुन्हा सुरू होत. पुढे 1911 साली कॅनन आणि दे ला पाझ यांनी मांजरासमोर भुंकणारा कुत्रा आणला आणि त्यानंतर घेतलेल्या रक्तात अॅड्रेनलिन वाढल्याचं दाखवलं. 1915 साली कॅननचं भय, क्रोध, भूक आणि वेदनेतल्या शारीरिक बदलांवरचं पुस्तक आलं. ‘लढा किंवा पळा’ ही कल्पना आज माणसांच्या ताणतणावाविषयी बोलताना कुणीही वापरतं. तिचा पाया त्या घाबरवलेल्या मांजरांवर घातलेला आहे. माणसाला स्वतःच्या भीतीचं शरीर आधी मांजरात दिसलं. ज्या प्राण्याच्या भयातून एवढं शिकलो, त्याचं भय खोटं म्हणण्याचा हक्क निदान आपल्याला तरी नाही.

तर भय खरं आहे. मग त्याचं करायचं काय?

आपल्या धर्मविचारात अहिंसेवर जेवढं बोललं जातं, तेवढं अभयावर बोललं जात नाही. मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला दान द्यावं लागतं, ही समजूत घराघरांत होती. त्या धाकानं कैक मांजरं वाचली असतील. पण न मारणं ही एक गोष्ट आणि भयमुक्त करणं ही दुसरी. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची यादी अभयापासून सुरू होते, आणि दानांमध्ये अभयदानाला सर्वांत वरचं स्थान देण्याची परंपरा आहे. महाभारतातली शिबी राजाची कथा सर्वांना माहीत असते ती त्यानं आपलं मांस कापून दिलं म्हणून. तिच्यातली आधीची गोष्ट लक्षात राहत नाही. ससाण्याला भिऊन कपोत राजाकडे आपणहून आला होता. शिबीनं त्याला पकडून आणलं नव्हतं.

शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला एक मांजर आणि एक उंदीर यांची गोष्ट सांगतात. लोमश नावाचा बोका जाळ्यात अडकतो. पलित नावाचा उंदीर मुंगूस आणि घुबड यांच्या तावडीतून वाचण्यासाठी त्याच्या आसऱ्याला जातो आणि पारधी अगदी जवळ आल्यावर जाळं कुरतडून त्याला सोडवतो. संकट टळल्यावर बोका म्हणतो, आता ये, आपण मित्र आहोत. उंदीर बिळातूनच नम्रपणे नकार देतो. भीष्म त्याला कृतघ्न ठरवत नाहीत, उलट त्याच्या शहाणपणाची वाखाणणी करतात. बलवानाचा हेतू चांगला असला, तरी दुर्बळाला अंतर राखण्याची मुभा हवी, हे त्या कथेतून नीट कळतं. दिवाणखान्यात मात्र भूमिका उलटलेल्या असतात. तिथे बलवान माणूस असतो आणि पलंगाखालचं मांजर पलिताच्या जागी.

मांजर शिकारी आहे, हे लगेच लक्षात येतं. ते इतरांची शिकारही आहे, हे विसरलं जातं. त्याच्या आकाराच्या प्राण्याला कुत्रा, कोल्हा, मोठा शिकारी पक्षी, सगळ्यांचाच धोका. म्हणून त्याचा पहिला उपाय लपणं, दुसरा उंचावर जाणं. हे दोन्ही मार्ग बंद झाले, की पंजा आणि दात. नेदरलँड्समधल्या एका निवाऱ्यात नव्यानं आलेल्या 19 मांजरांवर उत्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी एक साधा प्रयोग केला, तो 2014 साली प्रसिद्ध झाला. दहा मांजरांना लपायला खोकं दिलं, नऊंना दिलं नाही. खोकं मिळालेली मांजरं पहिल्या काही दिवसांतच लवकर सावरली. औषध नाही, कुशीत घेणं नाही. पुठ्ठ्याचं खोकं आणि त्यात शिरायचं की नाही हे ठरवण्याची मोकळीक, एवढंच.

अभयदान म्हणतात ते घरच्या घरी असं दिसतं. पलंगाखालचं मांजर पलंगाखालीच राहू द्यावं. तिथे पाण्याचं भांडं सरकवावं, त्याच्या वासाचं जुनं पांघरूण ठेवावं, लिटर बॉक्स जवळच पण खाण्यापासून थोडा बाजूला ठेवावा. खोलीतली वर्दळ थांबवावी. लहान मुलांना समजावून दूर न्यावं. अंगावर उग्र वासाची अत्तरं, तेलं टाकून त्याला ‘शांत’ करायला जाऊ नये. सुगंधी अर्कांपैकी अनेक मांजरांना बाधतात. आणि माणसाच्या गोळ्या तर मुळीच देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते पचवण्याची यंत्रणा त्याच्या यकृतात पुरेशी नसते.

मग माणसानं नुसतं बसून राहायचं? हो, थोडा वेळ तरी. आणि बसायचं कसं, यावरही संशोधन आहे. ब्रिटनमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या अभ्यासकांनी 2020 साली दाखवलं, की माणसानं मांजराकडे पाहून सावकाश डोळे किलकिले करून मिटले, तर मांजरही तसंच उत्तर देतं. अनोळखी माणसानं असं केलं, तर त्याच्या पुढे केलेल्या हाताकडे ते येण्याची शक्यता वाढते. रोखून पाहणं ही मांजरांच्या जगात धमकी असते. मिटती नजर हे धमकी नसल्याचं आश्वासन.

वारकरी संतांच्या वाणीत देवाला कासवीची उपमा पुन्हा पुन्हा येते. कासवी पिल्लांना पान्हा पाजत नाही, दुरून नुसत्या नजरेनं वाढवते, अशी समजूत. जीवशास्त्र तसं म्हणत नाही, आणि दृष्टांताला त्याची गरजही नाही. पण मर्कट आणि मार्जार या दोन न्यायांच्या शेजारी मराठी भक्तिपरंपरेनं हा तिसरा ठेवला, ही मोठी गोष्ट आहे. धरणं नाही, उचलणं नाही, दुरून पाहणं. घाबरलेल्या मांजराला तेन्कलैंच्या मांजरीपेक्षा वारकऱ्यांच्या कासवीची गरज अधिक आहे.

या विचाराला एक मर्यादा मात्र आहे आणि ती लपवून चालणार नाही. सगळं मांजराच्या मर्जीवर सोडलं, तर कधीकधी मांजर मरतं. अचानक आलेल्या भयाच्या मागे बऱ्याचदा आजार असतो. वयस्क मांजर रात्री-अपरात्री ओरडत फिरू लागलं, तर थायरॉइड वाढलेली असू शकते, रक्तदाब चढून दृष्टी गेलेली असू शकते, सांधे दुखत असू शकतात. लिटर सोडून कोपऱ्यात लघवी करणारं मांजर ‘राग काढत’ नसतं. मूत्राशयाचा जो दाह कुठल्याही जंतूशिवाय होतो, त्याचा ताणाशी जवळचा संबंध आहे. त्यावर आयुष्यभर काम केलेले टोनी बफिंग्टन हे 2008 च्या त्या चिमट्यांच्या अभ्यासातही होते, आणि घरातली व्यवस्था मांजराला सोयीची केली, की हा आजार आटोक्यात येतो, हेही त्यांनीच ठासून सांगितलं. दोन-तीन दिवस काहीच न खाल्लेल्या मांजराच्या यकृतात चरबी साठून जीवावर बेततं. अशा वेळी पलंगाखालची मुभा मोडावीच लागते. अभय देणाऱ्यालाच पकडावं लागतं, हा पेच खरा आहे. तत्त्वज्ञान तो सोडवत नाही, पण पकडण्याची रीत सुधारता येते. झाकण वरून उघडणारं कॅरिअर वर्षभर घरात उघडं ठेवावं, म्हणजे ते फक्त दवाखान्याच्या दिवशीच समोर येत नाही. त्यात आधीपासून पांघरूण असावं. मानगूट न धरता टॉवेलमध्ये अलगद घ्यावं. फारच घाबरट मांजरासाठी डॉक्टर आदल्या दिवशीपासून गॅबापेन्टिनसारखं औषध देतात. ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

भयाचं आणखी एक कारण उपनिषदात सापडतं, असं म्हटलं तर नवल वाटेल. बृहदारण्यकात आदिपुरुष एकटा असतो आणि घाबरतो. मग विचार करतो, की माझ्यावाचून दुसरं कुणी नाहीच, तर भिऊ कशाला? भय दुसऱ्यापासूनच येतं. मांजराच्या बाबतीत हे शब्दशः खरं असतं. खिडकीबाहेर एक अनोळखी बोका येऊन बसतो, घरातली मांजरी त्याच्यापर्यंत पोचू शकत नाही, आणि पाय शेजारून जाताच ती आपल्याच माणसाला चावते. घरच्यांना वाटतं, ही एकाएकी पिसाळली. तो बोका कुणी पाहिलेलाच नसतो. ऋषीनं भयावर जो उपाय सांगितला, दुसरेपणच नाहीसं करण्याचा, तो मांजरीच्या आवाक्यात नाही. तिच्यासाठी खिडकीच्या खालच्या काचेला कागद लावावा, तेवढ्यानंही दुसरा नाहीसा होतो. घरात नवं मांजर आणायचं असेल, तर दोघांना दोन खोल्यांत ठेवून आधी वासाची ओळख करून द्यावी, आणि खाणं-पाणी, लिटर, झोपायच्या जागा वेगवेगळ्या ठेवाव्यात. हे आठवड्यांचं काम असतं.

आणि दिवाळी. मांजराचा कान सुमारे 85,000 हर्ट्झपर्यंतचे आवाज टिपतो, माणसाचा 20,000 पर्यंत. फटाक्यांसाठी चार मीटरवर 125 डेसिबलची जी कायदेशीर मर्यादा आहे, ती माणसाच्या कानाच्या हिशेबानं ठरलेली आहे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कित्येक मांजरं उघड्या दारातून, गॅलरीतून पळतात आणि परत येत नाहीत. अंधारावर प्रकाशाच्या विजयाचा सण साजरा करताना एका जिवाला अंधाऱ्या कोपऱ्याशिवाय जागा उरू नये, ही धर्माच्याच दृष्टीनं शोभणारी गोष्ट नाही. फटाके वाजवणाऱ्यांना हे सांगावं, नक्कीच सांगावं. पण मांजराची रात्र त्यांच्या उत्तरावर अवलंबून ठेवू नये.

घरात मांजर असेल, तर वसुबारसेच्या आधीच एक आतली खोली निवडा. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, कपाटाखाली किंवा कोपऱ्यात पुठ्ठ्याचं खोकं, पाणी, लिटर. पाहुण्यांना सांगून ठेवा, की त्या खोलीचं दार उघडू नये. फटाके सुरू झाल्यावर मांजराला बाहेर काढू नका, उचलू नका. हवं तर दाराशी पुस्तक घेऊन बसा. दुसऱ्या दिवशी ते खातं का, लिटर ओलं होतं का, हे पाहा. आणि बोका लिटरमध्ये वारंवार जाऊन कुंथत असेल, पण लघवी होत नसेल, तर त्याला घाबरला आहे म्हणून सोडून देऊ नका. त्याची मूत्रनळी अडलेली असू शकते आणि हाताशी फक्त काही तास असतात. सणाची सुट्टी असली, तरी उघडा दवाखाना शोधून त्याच वेळी निघा.